गावात बारमाही काम उभं करायचं तर: खानदेशातल्या गावांसाठी पायरी-पायरीची वाट

गावात रोजगार आणायचा म्हटलं की पहिली सूचना बहुतेक वेळा शिवणवर्गाची येते. तीस मुली शिकतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतात आणि सहा महिन्यांनी त्यातल्या दोघी-तिघींच्याच घरी मशीन चालू असतं. मुली शिकण्यात कमी पडलेल्या नसतात. तीस जणींना पुरेल एवढं कापड त्या गावात शिवायला येतच नाही, आणि वर्ग भरवण्याआधी तो हिशोब कोणी केलेला नसतो.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. गावातले कोणते महिने रिकामे जातात ते आधी बघायचं. मग गिऱ्हाईक, मग हिशोब, मग माणसं. प्रशिक्षण त्यानंतर, आणि मोठं कर्ज सगळ्यात शेवटी. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या गावांसाठी हे लिहितो आहे. बचत गटाच्या अध्यक्ष-सचिव, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक किंवा शहरातली नोकरी सोडून गावी परतलेला तरुण, यांपैकी कोणीही पुढाकार घेऊ शकतो. एकट्याने मात्र सुरू करू नका. निदान चार-पाच जण हवेत, आणि त्यात दोन तरी बाया हव्यात.

पहिली पायरी: रिकाम्या महिन्यांचा तक्ता

एक मोठा कागद घ्या आणि बारा रकाने आखा. इंग्रजी महिन्यांपेक्षा पोळा, दिवाळी, होळी, आखाजी (अक्षय्य तृतीया) या खुणांनी विचारलं तर लोक पटकन आणि अचूक सांगतात. प्रत्येक वस्तीत वेगळं बसा. गावठाणातलं, भिलाटीतलं (भिल्ल वस्तीतलं) आणि वर्षाच्या बोलीवर मळ्यात राहणाऱ्या सालदारांचं वर्ष एकसारखं नसतं. पुरुष आणि बायांचाही तक्ता वेगळा करा, कारण निंदणी आणि कापूस वेचणी बायांच्या हाती असते, तर फवारणी, भरणी, हमाली पुरुषांच्या.

अमळनेर, पारोळा, शिंदखेडा अशा कोरडवाहू पट्ट्यात कापूस वेचून झाला, हरभरा-गहू निघाला, की होळीपासून मृगापर्यंत हातांना फारसं काम उरत नाही. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात घडांची कटाई जवळजवळ वर्षभर चालते, पण ते काम ठरावीक टोळ्यांकडेच जातं. शहादा-तळोदा-अक्कलकुवा भागात वेगळीच अडचण दिसेल. दिवाळी झाली की वस्त्याच रिकाम्या होतात, कारण कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि इतरत्र गेलेली असतात. होळीला माणसं परततात, तेव्हा हातात काही महिन्यांची मजुरी असते किंवा मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची राहिलेली असते.

तक्ता पुरा झाला की एकच आकडा काढा: एका कामकरी माणसाचे वर्षात सरासरी किती दिवस रिकामे जातात? हा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा. 'गावात किती रोजगार निर्माण झाले' यापेक्षा 'किती रिकामे दिवस भरले' हे माप जास्त खरं आहे. खेड्यातल्या माणसाला बारा महिन्यांची नोकरी क्वचितच मिळते. त्याला शेतीच्या जोडीला वर्षातले शंभर-सव्वाशे दिवस काम मिळालं, तरी घर सावरतं.

दुसरी पायरी: गावातून काय जातं आणि गावात काय येतं

आता दोन याद्या करा. गावातून कच्च्या रूपात बाहेर जाणारा माल पहिल्या यादीत, आणि ज्या कामासाठी गावकरी तालुक्याला किंवा शहरात जाऊन पैसे मोजतात ती कामं दुसऱ्या यादीत.

दुसऱ्या यादीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी, कारण गिऱ्हाईक आधीच तयार असतं. रब्बीत व्होल्टेज कमी पडलं की मोटर जळते. ती ट्रॅक्टरवर किंवा छोटा हत्तीत टाकून तालुक्याला न्यायची, दोन-चार दिवस थांबायचं, तोवर गव्हाचं पाणी चुकतं. शंभर-दीडशे विहिरी आणि बोअर असलेल्या शिवारात रिवायंडिंग (जळालेल्या मोटरची तार नव्याने गुंडाळणं) आणि स्टार्टर दुरुस्तीचं एक दुकान सहज चालतं. अशा दोन-तीन गावांत मिळून दोन तरुणांचं पोट त्यावर भरू शकतं.

ठिबकचंही तसंच. जळगाव हे ठिबक सिंचनाचं माहेरघर. जिल्ह्यात शिवारभर नळ्या पसरलेल्या असतात, पण देखभाल करणारी माणसं थोडी. बागायती कापसाची लागवड मे महिन्याच्या शेवटापासून होते. त्याआधी नळ्या अंथरायच्या, फिल्टर धुवायचे, तोंडं उघडून नळ्या पाण्याने साफ करायच्या, चोकअप झालेल्या ड्रिपरांना आम्लप्रक्रिया द्यायची, आणि पीक निघालं की नळ्या गुंडाळून उंदरांपासून जपून ठेवायच्या. चार जणांच्या टोळीने एकरी दर ठरवून हे काम घेतलं, तर ते नेमकं एप्रिल-मेच्या रिकाम्या दिवसांत बसतं. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

आता पहिली यादी. इथे पट्ट्यागणिक उत्तर वेगळं येतं.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर भागात केळी आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागाच्या मालाला मिळणारी कायदेशीर ओळख) मिळालं. कटाईनंतर बागेत राहिलेला लहान आणि वेडावाकडा माल वेफर्सला चालतो. पण केळी वेफर्सचा धंदा चालतो तो तेलावर. एकच तेल पुन्हा पुन्हा वापरलं की आठ दिवसांत वास येतो आणि दुकानदार दुसऱ्यांदा माल ठेवत नाही. खोडापासून धागा काढण्याचं यंत्रही या पट्ट्यात खूप जण सुचवतात. धागा निघतो, चांगला निघतो. मात्र तो कोण घेणार, कोणत्या प्रतीचा घेणार आणि वाहतूक कोण सोसणार, हे लेखी ठरल्याशिवाय यंत्राला हात लावू नये, असं मी आवर्जून सांगेन. त्यापेक्षा निर्यातीच्या केळीच्या पॅकहाऊसमधलं काम शिकलेल्या बायांच्या टोळीला लवकर काम मिळतं: फण्या वेगळ्या करणं, धुणं, डाग पाहून निवड, वजन, खोक्यात भरणं. साध्या शेतमजुरीपेक्षा दरही बरा मिळतो.

नंदुरबारात मिरची आहे. पथारींवर, म्हणजे वाळवणीच्या मोकळ्या मैदानांवर, लाल मिरची वाळते आणि देठ खुडायला शेकडो बाया बसतात. तिखट दळून विकणं हा पुढचा टप्पा. पण आजच्या कामातच सुधारणा करायला जागा आहे. तोंडाला दोन पदरी कापड, हातमोजे, सावली, धुवायला पुरेसं पाणी. हातांची आग होऊन कामाचे दिवस बुडतात आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

धडगाव भागातल्या आदिवासी बाया आमचूर करतात. कैरीचा हंगाम एप्रिल-मे, म्हणजे तक्त्यातला नेमका रिकामा काळ. भाव रंगावर ठरतो. लोखंडी विळ्याने कापलेली आणि जमिनीवर वाळवलेली फोड काळी पडते, तिच्यात माती येते. स्टीलची सुरी आणि जमिनीपासून वर बांधलेली जाळी, एवढ्या दोन गोष्टींनी प्रत सुधारते. माल थोडे दिवस साठवायला कोरडी जागा असली, तर वाळवून झाल्या दिवशीच पडेल त्या भावात व्यापाऱ्याला द्यावा लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजावर स्थानिकांचा आणि ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे. मोह, चारोळी, डिंक यांच्या विक्रीचा भाव ग्रामसभेत ठरवता येतो.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा एकदा पाहून यावं. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेलं जंगल राखलं, पाणी अडवलं, आणि त्याच जंगलाच्या आधारावर तांदूळ, गूळ, वनभाज्या अशी कामं उभी राहिली. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथे जाऊन पहायचं ते हे की जंगल वाढल्यावर हातांना काम कसं वाढलं. नवापूरची तूरडाळही मानांकन मिळालेली आहे, पण पिशवीवर ते नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते.

आणि कोरडवाहू पट्ट्यात काय? तिथे ऊन आहे आणि बायांच्या हातात पिढ्यांचं कसब आहे. उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे (पापडासारखं वाळवण), कुरडया, काळा मसाला, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ. खापरावरचे मांडे (पुरणाच्या मोठ्या पातळ पोळ्या) करणाऱ्या बाईला लग्नसराईत बोलावणी येतातच. तिच्याबरोबर दोघी शिकाऊ गेल्या, तर पुढच्या हंगामात तीन खापरं पेटतात.

तिसरी पायरी: यंत्राआधी गिऱ्हाईक

पाच-दहा किलो माल घरच्याच भांड्यांत करा आणि विका. नातेवाईकांना विकलेला माल यात धरू नका. तालुक्याच्या बाजारातल्या दहा किराणा दुकानांत द्या, एखाद्या केटररला द्या, वसतिगृहाच्या किंवा आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात दाखवा. पहिल्यांदा माल घेतला याला फार अर्थ नाही. पंधरा दिवसांनी न सांगता त्यांचा फोन आला, तर धंदा आहे. दहापैकी चार जणांनी दुसऱ्यांदा मागितलं, तरी पुढे जावं. एकानेही मागितलं नाही, तर कारण विचारून माल बदलावा.

खानदेशी माणूस सुरत, वापी, नाशिक, पुणे, कल्याण-डोंबिवलीत मोठ्या संख्येने राहतो. त्याला बिबडे, शेवभाजीचा मसाला, भरताची वांगी हवीच असतात. रोज रात्री जळगाव-धुळ्याहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये पार्सल टाकता येतं आणि सकाळी तिकडे कोणी ते उतरवून घेतो. गावाबाहेर गेलेल्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप जवळपास प्रत्येक गावाचा असतो. पहिली विक्री तिथे होऊ शकते. मात्र दर, वजन, पाठवण्याचा वार आणि पैसे आधी, हे चार नियम पहिल्याच संदेशात लिहा.

चौथी पायरी: मजुरी धरून हिशोब

अनेक गट इथेच कोसळतात, म्हणून थोडं सावकाश जाऊ. उडदाच्या पापडाचा एक नमुना हिशोब मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, त्यांच्या जागी तुमच्या गावचे भाव घाला.

१० किलो उडदाचं पीठ, १४० रुपये किलोने १,४०० रुपये. पापडखार, मीठ, हिंग, मिरे, तेल मिळून २५०. पाव किलोची ४० पाकिटं, लेबलसह प्रत्येकी ५ रुपये, म्हणजे २००. पीठ मळणं, कांडणं, लाटणं, वाळवणं, भरणं यासाठी चार बायांचा एकेक दिवस, ३०० रुपये रोजाने १,२००. वाहतूक, वीज, भांड्यांची झीज १५०. झाले ३,२००. तुटणारा आणि परत येणारा माल म्हणून ५ टक्के, म्हणजे १६० धरा. एकूण ३,३६०, किलोला ३३६ रुपये.

पाकिटावर १२० रुपये छापले, तर किलोचे ४८० होतात. दुकानदाराचे २० टक्के गेले की हाती ३८४ येतात आणि किलोमागे ४८ रुपये उरतात. त्यातून कर्जाचा हप्ता आणि पुढचं भांडवल.

आता मजुरी न धरता काय होतं ते पहा. खर्च २,१६० दिसतो, म्हणजे किलोला २१६. मग गट आनंदाने २८० रुपये किलोने दुकानाला माल देतो, किलोमागे ६४ सुटले म्हणतो. पण ते ६४० रुपये चार बायांच्या दिवसभराच्या कामात वाटले, तर एकीला १६० रुपये मिळाले. निंदणीला गेली असती तर त्याहून जास्त मिळाले असते. दोन महिन्यांत एकेक बाई गळते, आणि लोक म्हणतात, बायांना चिकाटी नाही. दोष दराचा असतो.

तेव्हा नियम पक्का: गावातल्या शेतमजुरीच्या रोजापेक्षा कमी मोबदला पडत असेल, तर तो माल करू नये, किंवा दर वाढवावा, किंवा काम सोपं करणारं साधन आणावं. यंत्राची गरज किती, ते इथे कळतं. पीठ मळण्यात सगळी ताकद जात असेल तर पीठ मळायचं यंत्र आधी आणा, लाटण्याचं नंतर पाहता येईल.

पाचवी पायरी: माणसं, आणि सगळ्यात आधी कोण

उघड्या बैठकीत 'कोणाला काम हवं' असं विचारलं, तर पुढे बसलेल्यांची नावं आधी येतात. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे, ती माणसं त्या बैठकीत नसतात. एकल महिला, टाकलेल्या बाया, भूमिहीन घरं, दिव्यांग व्यक्ती, भिल्ल, पावरा, पारधी कुटुंबं, दहावीला अडलेली मुलं, यांच्या घरी जाऊन यादी करा. पहिल्या दहा जागांपैकी निदान चार याच यादीतून भरायच्या, हे गटाच्या ठरावात लिहा. नंतर घेऊ म्हटलं की ते राहूनच जातं.

मग कामाचे तुकडे पाडा. पापडाच्या कामात वजन, मळणं, गोळ्या करणं, लाटणं, वाळवणं, मोजणं, पाकीट बंद करणं, लेबल, फोनवर मागणी घेणं, हिशोब, पोचवणं अशी दहा-बारा कामं आहेत. चालता न येणारा तरुण टेबलाची उंची बरोबर ठेवली तर पाकीटबंदी आणि फोन उत्तम सांभाळतो. ऐकू न येणारी बाई लाटण्यात कोणाहून कमी नसते, फक्त सूचना खुणेने किंवा चित्राने द्याव्या लागतात. कमी दिसणाऱ्याला मिरचीचे देठ किंवा शेंगा चाचपून निवडता येतात. बौद्धिक दिव्यांग मुलगा ठरलेलं एकच काम ठरलेल्या जागी, ओळखीच्या सोबत्याबरोबर मन लावून करतो. रोज जागा बदलली तर तो गोंधळतो. दर कामाप्रमाणे सगळ्यांना सारखा. 'त्याला थोडं कमी दिलं तरी चालेल' हे वाक्य गटात ऐकू आलं, तर तिथेच थांबवा.

जागा निवडताना पायऱ्या, शौचालय आणि रस्ता पहा. माडीवरच्या फुकट खोलीपेक्षा खाली भाड्याची खोली परवडते. वेळ सकाळी अकरा ते पाच ठेवली, तर स्वयंपाक आणि पाणी भरून येता येतं आणि अंधाराआधी घरी जाता येतं. अंगणवाडी सुटल्यावर लेकरं कुठे बसतील, याची सोय करा. वयस्क आजी हे काम मोबदल्यावर आनंदाने करतात, आणि तोही एक रोजगारच आहे. बैठकीत अहिराणी, पावरी, भिली बोलली जाऊ द्या. मराठीत गप्प बसणारी बाई आपल्या बोलीत बोलायला लागली की तिचं कसब कळतं.

दोन कठीण गोष्टी स्पष्ट लिहितो. पहिली जातीची. खाण्याचा पदार्थ असला की 'त्यांच्या हातचं कोण घेईल' अशी कुजबुज होते. पहिल्या दिवसापासून सगळ्या वस्त्यांतल्या बाया एकाच पाटावर बसतील अशी मांडणी करा. जिला ते चालत नाही तिला घरी जाऊ द्या. वेगळ्या रांगा एकदा लागल्या की त्या मोडत नाहीत. स्वच्छता, चव आणि वजन चोख असेल तर गिऱ्हाईक येतं.

दुसरी उचलीची. ऊसतोडीला जाणारं कुटुंब मुकादमाकडून एकरकमी पैसे आधी घेतं. त्यातून लग्न, दवाखाना, बियाणं भागतं. गावातल्या कामात रोजचे तीनशे मिळतील, पण दिवाळीआधी तीस-चाळीस हजार कोण देणार? याचं उत्तर नसेल, तर कितीही चांगलं काम उभं करा, वस्ती रिकामी होणारच. म्हणून ग्रामसंघातून (गावातल्या बचत गटांच्या संघातून) अशा घरांसाठी नवरात्राच्या सुमारास कर्ज द्यायची तरतूद ठेवावी, आणि फेड कामाच्या मोबदल्यातून थोडी थोडी घ्यावी. सुरुवातीचे तीन महिने मोबदला रोज किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी द्या. हातावर पोट असलेल्याला महिनाभर थांबता येत नाही.

कायदा इथे तुमच्या बाजूला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य आहे आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा राखलेला आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत लेखी विचारा की यंदा तो कशावर खर्च झाला. उतरती वाट (रॅम्प), योग्य उंचीचं टेबल, तीनचाकी सायकल यासाठी तो मागता येतो. दिव्यांगांचं ओळखपत्र नसेल तर आधी ते काढा, कारण पुढचे बरेच कागद त्यावर अडतात.

सहावी पायरी: शिकणं

आता गिऱ्हाईक आहे, दर ठरला आहे, माणसं ठरली आहेत. त्यामुळे काय शिकायचं ते नेमकं माहीत आहे. 'अन्नप्रक्रिया प्रशिक्षण' अशी ढोबळ मागणी करू नका. 'वेफर्सचं तेल कधी बदलायचं आणि पाकीट कसं भरायचं' असं विचारा.

दर जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. ती बँक चालवते, प्रशिक्षण निवासी आणि मोफत असतं, आणि पुढे कर्जासाठी पाठपुरावाही होतो. शेतीसंबंधी कामांसाठी पाल, ममुराबाद, धुळे आणि कोळदा इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत. केळीसाठी जळगावला संशोधन केंद्र आहे. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, टोपल्या-झाडू विणणारे, शिंपी अशा १८ व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज अशी रचना आहे. गावातल्या बांबूकाम करणाऱ्या घरांना याची खबर बहुतेक नसते.

संस्था निवडण्याआधी तीन प्रश्न विचारा. शिकवणारा स्वतः तो धंदा करतो का? तिथलं यंत्र आणि आपण घेणार ते एकच आहे का? सहा महिन्यांनी अडलं तर कोण येईल? मोटर रिवायंडिंगसारखं काम तर चालू दुकानात सहा महिने बसल्याशिवाय हातात येतच नाही. आयटीआय झालेल्या मुलाने किंवा मुलीनेही ते करावं. मुलींना वायरमनच्या कामाला पाठवायला घरचे कचरतात. अशा वेळी दोन मुली एकत्र पाठवा आणि दुकानदाराला आधी भेटून या.

सातवी पायरी: पैसा

गटाची बचत, मग अंतर्गत कर्ज, मग बँकेचं गटकर्ज, आणि त्यानंतरच मोठी योजना. हा क्रम मोडू नका. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटात बैठक, बचत, कर्जव्यवहार, परतफेड आणि नोंदी नियमित असतील, तर बँक दार उघडते. एकट्याच्या दुकानासाठी मुद्रा कर्ज बिनतारण मिळतं. शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत.

खाद्यपदार्थांसाठी सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, आणि बचत गटातल्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. अर्ज करण्याआधी योजनेची चालू स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारा. इतर उद्योगांसाठी पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम जिल्हा उद्योग केंद्रातून चालतात. ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आदींना ३५ टक्के अनुदान, आणि स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. हे दर नव्या उद्योगांसाठी आहेत.

अनुदान लगेच हातात येत नाही. आधी पूर्ण कर्ज उभं राहतं, अनुदान बँकेत ठेवीच्या रूपात अडकलेलं असतं आणि उद्योग चालू दिसला तरच ते खात्यात जमा होतं. त्यामुळे अनुदान मोठं मिळावं म्हणून मोठं यंत्र घेण्याचा मोह टाळा. तुमची महिन्याची विक्री ३०० किलो असेल, तर रोज ३०० किलो काढणारं यंत्र व्याज वाढवत उभं राहील. खेळतं भांडवल निदान तीन महिन्यांचं ठेवा. उडीद हंगामात स्वस्त असतो, तेव्हा घ्यायला पैसा हवा. फाइल करून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्या दलालाला एक रुपया देऊ नका.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) मोफत, मोबाइलवर होते. खाद्यपदार्थाची वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची आणि वापरण्याची तारीख, पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. पाण्याची तपासणी करून अहवाल जपून ठेवा.

आठवी पायरी: पहिलं वर्ष

तीन वह्या: हजेरी आणि मोबदला, माल, उधारी. उधारीची वही दर सोमवारी मोठ्याने वाचायची. एका दुकानाकडे दोन खेपांपेक्षा जास्त पैसे अडकले की माल बंद. बँक खात्यावर सही करणाऱ्या बाया दर दोन वर्षांनी बदलाव्यात, आणि हिशोब लिहिणारी नेहमी शिकलेली सूनबाईच असावी असं नाही. जिला आकडे येत नाहीत तिला शेजारी बसवा, ती सहा महिन्यांत शिकते.

पावसाळ्यात पापड-बिबडे वाळत नाहीत. ऊन असेल तेव्हा साठा करून ठेवा आणि आषाढ-श्रावणात दळण, मसाले, पुढे गणपती-दिवाळीच्या फराळाची मागणी घ्या. सौर वाळवणी यंत्र उपयोगी पडतं, पण झडीच्या दिवसांत तेही अडतं. ठिबकची टोळी पावसाळ्यात फवारणी पंपांची दुरुस्ती घेऊ शकते. पहिल्या तक्त्यातले रिकामे रकाने असे एकेक करून भरायचे असतात. एका कामाने ते सगळे भरतील अशी आशा ठेवू नये.

वर्षअखेर तीन आकडे काढून ग्रामसभेत सांगा: एकूण किती माणूस-दिवस काम झालं, एका दिवसाला सरासरी किती मोबदला पडला, आणि त्यातले किती दिवस पाचव्या पायरीवरच्या यादीतल्या लोकांकडे गेले. तिसरा आकडा खाली आला असेल, तर कोण गळालं ते नावानिशी पाहून त्यांच्या घरी जा. कारण बहुधा साधंच निघतं: वेळ बदलली, सायकल मोडली, कोणी बोललं, खातं आधारशी जोडलं गेलं नाही.

दुसऱ्या वर्षी एखादी हुशार बाई म्हणेल, मी आता माझं स्वतःचं सुरू करते. गटात नाराजी होते, फोडाफोडीची भाषा येते. तिला अडवू नका. तिच्याशी लेखी बोलणी करा. गटाला न झेपणारी मागणी ती पुरी करेल, गटाच्याच प्रतीचा आणि दराचा माल देईल, आणि आपल्याकडे त्याच यादीतल्या दोघी-तिघींना कामावर घेईल.